लाजेची भाकरी

इस्पितळात शिरलं की समोर लांबलचक काउंटर आणि त्याच्या माथ्यावर पाटी. पाटीवर एकच शब्द. कोफ, बेत, लामेद, हे. लहानपणी मशिदीत (आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, सिनेगॉगला, आमच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणत आलो) जेवढी हिब्रू अक्षरं गिरवली होती, तेवढ्यांच्या बळावर मी तो शब्द लावला आणि जागीच थांबले. कब्बाला.

‘‘ताई, इस्पितळात कब्बाला कशाला?’’

ताई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दाखल व्हायला आलेली, तिचं सगळं लक्ष हातातल्या कागदांत. ‘‘अगं, पेशंटला दाखल करून घेतात ती खिडकी. कब्बाला म्हणजे घेणं, स्वीकारणं. इथं सगळीकडे दिसेल तुला.’’

आणि दिसलाच. दुपारी खालच्या दुकानातून पाण्याची बाटली आणली, तर पावतीच्या वरच्या ओळीतही तोच शब्द. पावती म्हणजेही कब्बाला.

मी ठाण्याची. सदतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅशच्या खिडकीत. घ्यायचे, मोजायचे, पावती द्यायची, संध्याकाळी रोकड जुळवायची. एक रुपया कमी भरला तरी घरी जायचं नाही आणि एक रुपया जास्त भरला तरी नाही. ज्यूंच्या ज्या गूढविद्येचं नाव ऐकलं की लोकांना काळ्या टोप्या, गूढ आकडे आणि मनगटावरचा लाल दोरा आठवतो, तिचं नाव इतकं माझ्या खिडकीतलं असेल, हे ध्यानीमनीही नव्हतं.

ताई इस्रायलमधल्या अश्दोदला राहते. समुद्रावरचं शहर, आपली बरीच माणसं तिथं आहेत, बाजारात मराठी कानावर पडतं. ऑपरेशन करून तिला घरी आणलं, त्या पहिल्या शुक्रवारी दुपारी समोरच्या दारातल्या आजी आल्या. मोरोक्कोत जन्मलेल्या, ऐंशीच्या पुढच्या, कमरेत वाकलेल्या. हातात झाकण लावलेलं अॅल्युमिनियमचं पातेलं. आत लाल तिखट रश्श्यातली मासळी, वर कोथिंबीर, लसणाचा वास जिन्यापर्यंत. शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाच्या, रात्रीची आमची सोय त्यांनी करून टाकली होती.

मी आभार मानले, मासळी आमच्या भांड्यात काढली, पातेलं घासलं आणि लगेच कामाला लागले. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे माझ्या अंगात इतकं मुरलंय की त्यावर विचारच होत नाही. ठाण्याला आमच्या मजल्यावर कुणाकडून वाटीभर उकडीचे मोदक आले तरी ती वाटी परत जाताना त्यात निदान चार दाणे साखरेचे तरी पडतातच. ताईच्या कपाटात सुक्या खोबऱ्याचा किस होता. मी वड्या केल्या. सूर्य मावळायच्या आत, शब्बाथचे दिवे लागायच्या आत, त्यांच्या पातेल्यात वड्या घालून त्यांच्या दारात उभी राहिले. पातेलं देताना मनातून मोकळं वाटलं, दिवसाअखेर रोकड जुळली की वाटतं तसं.

आजींनी झाकण उघडलं, वड्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा पडला. त्या जे बोलल्या ते मला कळलं नाही. उघड्या दारातून आत पलंगावर पडलेल्या ताईनं ऐकलं, आणि मी परत आल्यावर सांगितलं. आजी म्हणाल्या होत्या, ‘‘मी तुमच्याकडे काही विकायला आले होते का?’’

त्या रात्री मासळी माझ्या घशाखाली नीट उतरली नाही. आपण काय चुकलो, हेच कळेना. दिलं होतं की मी! घेतलं त्यापेक्षा जास्तच दिलं होतं.

ताईच्या ओळखीच्या दहा-बारा बायका मंगळवारी रात्री जमून कब्बालाचं वाचन करतात. त्या मंगळवारी ताईला पायामुळे बाहेर जाता येत नव्हतं म्हणून सगळ्या आमच्याकडेच आल्या. नवख्यांचा गट, कुणी दोन महिने येतेय, कुणी पहिल्यांदाच. मी चहा द्यायला म्हणून गेले आणि बसून राहिले. ताई कानाशी मराठीत सांगत होती.

पहिला प्रश्न एका तरुण मुलीचा होता, आणि तो माझाही होता. निर्माता म्हणजे नेमकं कोण? कुठं असतो?

गट चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, त्याच्या स्वरूपाबद्दल कब्बाला काहीच बोलत नाही. त्या अथांगाला ‘एन सोफ’ म्हणतात, म्हणजे ज्याला अंत नाही तो, आणि तिथं शब्द थांबतात. बोलता येतं ते फक्त त्याच्याकडून आपल्यापर्यंत जे पोचतं त्याबद्दल. निर्मात्याला हिब्रूत ‘बोरे’ म्हणतात. या परंपरेतले शिक्षक तो शब्द फोडून सांगतात: ‘बो’ म्हणजे ये, ‘रेए’ म्हणजे पाहा. ये आणि पाहा. आधी मान आणि मग ये, असं नाही.

बोरे! मला एकदम आमच्या घरचं मलिद्याचं ताट दिसलं. नवस फेडायचा असो, लग्नाआधीचा विधी असो, एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावानं मलिदा होतोच. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, भोवती फळं. एकेक फळ उचलून त्यावर आशीर्वाद म्हणायचा: ‘बोरे पेरी हाएत्स’, झाडाची फळं निर्माण करणारा. मी पाच-सहा वर्षांची असताना आजीला विचारलं होतं, ‘‘बोरे बोरे म्हणतात, मग ताटात बोरं कुठायत?’’ आजीनं हसून माझ्या हातावर केळ्याचा तुकडा ठेवला. ‘‘ज्यानं हे दिलं त्याचं नाव घेतात गं. नाव घेतल्याशिवाय तोंडात टाकायचं नाही.’’ निर्मात्याबद्दलचा तो माझा पहिला प्रश्न असावा. आजीच्या उत्तरात किती होतं ते समजायला मला साठी ओलांडावी लागली.

आमच्या घरात कब्बाला हा शब्द कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. आमचं सगळं साधं: शनिवार पाळायचा, ज्यामुळे कोकणात आमच्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणत, सुंता, उपास, मलिदा, शुक्रवारी रात्री द्राक्षांच्या दारूऐवजी किसमिसांचं सरबत. पण त्याच शुक्रवारी रात्री आम्ही ‘लेखा दोदी’ म्हणत होतो, शब्बाथला नवरीसारखं सामोरं जाण्याचं गाणं. शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळायचे, मीही वळायचे. ते गाणं 16व्या शतकात, आजच्या इस्रायलमधल्या त्स्फात गावच्या श्लोमो अल्काबेत्झ यांनी रचलं. कडव्यांच्या आद्याक्षरांत त्यांनी आपलं नावही गुंफलंय. शुक्रवारच्या त्या प्रार्थनेचं नाव ‘कब्बालात शब्बाथ’. तिथंही तोच शब्द. म्हणजे कब्बाला आमच्या घरात दर आठवड्याला येत होती, आम्ही तिच्यासाठी दाराकडे तोंड करून उभे राहत होतो, फक्त ओळख झालेली नव्हती.

ताई काठी घेऊन चालायला लागल्यावर मी एकटीच त्स्फातला जाऊन आले. डोंगरावरचं गाव, दगडी बोळ, निळी दारं. उतारावर जुनं कब्रस्तान, त्यात कितीतरी थडगीही निळ्या रंगानं रंगवलेली. 1492 साली स्पेननं ज्यूंना देशाबाहेर काढलं, त्यांच्यातल्या काहींची मुलंबाळं फिरत फिरत इथवर आली. घरदार, भाषा, गाव गेलेली माणसं. हे जग असं मोडलेलं का, हा त्यांच्यासाठी पुस्तकातला प्रश्न नव्हता. त्यांच्याजवळ ‘जोहार’ हा अरामी भाषेतला ग्रंथ होता. परंपरा तो 2ऱ्या शतकातल्या शिमोन बार योखाय यांचा मानते. अभ्यासक म्हणतात, तो 13व्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये मोशे दे लेओन यांच्या हातून बाहेर आला आणि बराचसा तिथंच लिहिला गेला. मला अभ्यासकांचं पटतं, आणि त्यामुळे ग्रंथ माझ्यासाठी उणा होत नाही.

1570 मध्ये इजिप्तहून इथं यित्झाक लुरिया आले. त्याच वर्षी इथले थोर गुरू मोशे कोर्दोवेरो वारले. लुरियांना ‘आरी’ म्हणजे सिंह म्हणत. 1572च्या साथीत तेही गेले, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. दोन वर्षं शिकवलं, स्वतः फारसं लिहिलं नाही. जे आहे ते बहुतेक शिष्य हाईम विताल यांनी टिपलेलं. त्या दोन वर्षांत त्यांनी सांगितलेली गोष्ट आजही ऐकताना अंगावर येते. सुरुवातीला सगळीकडे निर्माताच भरलेला होता, दुसऱ्या कुणाला असायला जागाच नव्हती. म्हणून त्यानं स्वतःला आवरून घेतलं. या आवरण्याला ‘त्सिमत्सुम’ म्हणतात. मोकळ्या झालेल्या जागेत प्रकाश आला, तो धरायला भांडी होती, भांड्यांना तो पेलवला नाही, ती फुटली. ठिणग्या सगळीकडे विखुरल्या. माणसाचं काम त्या वेचून जग सांधायचं, ते ‘तिक्कुन’.

हे ऐकताना निर्गुण ब्रह्म, माया असे आपल्याकडचे शब्द जिभेवर येतात. मी ते मागे सारते. प्रत्येक घराची चूल वेगळी असते. पण त्सिमत्सुम मला समजला तो ठाणे लोकलमध्ये. तिघींच्या बाकावर चौथी उभी असते, आणि कुणीतरी न सांगता अंग चोरून चार बोटं जागा करून देते. बाक तेवढाच राहतो. जागा होते ती कुणीतरी आकसल्यामुळे. जगाच्या आरंभी हेच घडलं असं कुणी सांगत असेल, तर त्या निर्मात्याशी माझं जमेल असं वाटतं.

त्स्फातमध्ये आरींच्या नावाच्या सिनेगॉगमध्ये बसले होते. दारात एक बाई लाल दोरे विकत होती. मी घेतला नाही. दोऱ्यानं दृष्ट टळत असेल नसेल. मला ज्याचा त्रास होत होता तो बाहेरून लागलेल्या दृष्टीचा नव्हताच.

तो त्रास काय होता ते मंगळवारच्या बैठकीत उलगडत गेलं. त्या बायका वाचत होत्या ते येहुदा अशलग यांचं. 1880च्या दशकात पोलंडमध्ये जन्मलेले, 1921 मध्ये जेरुसलेमला आलेले, 1954 च्या योम किप्पुरला, प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी, वारलेले. जोहारवर त्यांनी ‘सुलम’ म्हणजे शिडी नावाचं भाष्य लिहिलं, म्हणून त्यांना ‘बाल हासुलम’ म्हणतात. त्यांच्या आधी शतकानुशतकं हे ज्ञान राखून ठेवलेलं. चाळिशी गाठल्याशिवाय शिकू नये, धर्मशास्त्रानं पोट भरल्याशिवाय या बागेत फिरू नये, असे दंडक होते. 1665 मध्ये शब्बताय त्स्वीला मसीहा मानून हजारो घरं भारली गेली आणि पुढच्याच वर्षी त्यानं तुर्की सुलतानासमोर इस्लाम स्वीकारला. त्या धक्क्यानंतर दारं आणखी घट्ट झाली. अशलगांनी ती उघडली. त्यांना वाटत होतं, दोन महायुद्धांच्या काळात हे लपवून ठेवणं परवडणारं नाही.

त्यांचं म्हणणं असं. निर्मात्यानं नव्यानं घडवलेली वस्तू एकच: घेण्याची इच्छा. ‘रात्सोन लेकाबेल’. दगडाला आहे, झाडाला आहे, माणसाला सगळ्यात जास्त आहे. निर्मात्याला द्यायचं होतं, म्हणून घेणारं कुणीतरी हवं होतं. आपण म्हणजे ते भांडं.

ताई इथं अडली. हिब्रूत त्या बाई सारख्या ‘एगोइझम’ म्हणत होत्या आणि ताई अहंकार, अहंकार असं सांगत होती. मी म्हटलं, थांब. अहंकार म्हणजे मी कोणीतरी मोठी. हे तर वेगळंच सांगतायत. उपाशी पोराच्या हातालाही घेण्याची ओढ असते, त्यात कसला अहंकार? मराठीत त्याला धड शब्द नाही, स्वार्थ म्हटलं तर लगेच शिवी होते. आणि नवख्यांची सगळी गडबड इथंच होते. त्यांना वाटतं, मीपणा मारायचा, इच्छा जाळायच्या. गटातल्या एकीनं विचारलंच, ‘‘मग संसार सोडायचा का?’’ उत्तर अगदी उलटं आलं. इच्छा हेच भांडं. भांडं फोडलं तर घेणार कशात? बदलायचं ते फक्त घेण्याचं कारण.

मग पाहुण्याची गोष्ट आली. यजमानानं ताट वाढलंय, सगळं पाहुण्याच्या आवडीचं. पाहुण्याला भूक आहे, पण तो नको म्हणतो, कारण फुकट खायची लाज वाटते. यजमान आग्रह करतो, विनवतो: तुझ्यासाठीच केलंय, तू खाल्लंस तर मला बरं वाटेल. पुन्हा पुन्हा नको म्हणून शेवटी पाहुण्याच्या लक्षात येतं की खाणं हेच यजमानाला देणं आहे. तो जेवायला बसतो. ताट तेच, भूक तीच, घासही तेवढेच. पण आता घेणारा देतोय.

आग्रहाच्या पंगतीत वाढलेल्या माणसाला ही गोष्ट परकी कशी वाटेल? ‘अजून एक, माझ्यासाठी’ हे वाक्य आपण आयुष्यभर ऐकतो.

अशलग याला तल्मुद या ज्यू धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथाचा आधार देतात, आणि तो मला कमालीचा आवडला. विवाह ठरताना पुरुषानं स्त्रीला काहीतरी मोलाचं द्यावं लागतं, तेव्हा तो पक्का होतो. पण पुरुष फार आदरणीय असेल, तर स्त्रीनं त्याला भेट दिली आणि त्यानं ती स्वीकारली, तरी चालतं. कारण त्यानं घेतलं यातच तिला काहीतरी मिळालं. घेणं हेच देणं ठरलं, आणि तेही उपमेत नाही, कायद्यात.

पण पाहुणा आधी नको का म्हणतो? त्या लाजेला एक अरामी शब्द आहे: ‘नहामा दे-किसुफा’. ताईनं शब्दाला शब्द लावला. ‘‘नहामा म्हणजे भाकरी. किसुफा म्हणजे लाज. लाजेची भाकरी.’’

‘‘मिंधेपणा,’’ मी म्हटलं. तोंडातून आपोआप निघालं.

ताई माझ्याकडे बघत राहिली. आम्हा दोघींनाही एकच माणूस आठवला होता, आमचे वडील. कुणाचे मिंधे व्हायचं नाही, हा त्यांचा धर्म. गिरणी बंद पडली त्या वर्षी शेजाऱ्यांनी आणून दिलेलं तांदळाचं पोतं त्यांनी परत पाठवलं होतं. आम्ही दोन दिवस पेज प्यालो. आईनं काही म्हटलं नाही. मला त्यांचा अभिमान होता, अजून आहे. पण त्या पोत्यासोबत जो माणूस परत गेला, त्याच्या चेहऱ्याबद्दल मी कधी विचार केला नव्हता. आता केला, तर त्या जागी मोरोक्कन आजींचा चेहरा आला.

माझा मीपणा घेण्यात नव्हता. मला वाटायचं, आपण सतत देतो म्हणजे आपण त्यातून सुटलो. पण मी द्यायची ते कुणाचं येणं बाकी राहू नये म्हणून. माझ्या खात्यावर कुणाचा रुपया नको. आजींना मासळी देऊन जो आनंद हवा होता, तो मी चार तासांत वड्यांच्या बदल्यात परत केला. त्यांच्या हातात पावती ठेवली.

एक शंका मात्र मी त्या बाईंना विचारली, ताईच्या मार्फत. ज्यांनी जन्मभर फक्त दिलंच त्यांना तुम्ही स्वार्थ सोडा असं कसं सांगता? माझी आई सगळ्यांच्या मागून जेवायची, पातेल्याच्या तळाशी उरलेलं. तिला मीपणा टाक म्हणणं क्रूरपणा होईल. बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, तिच्यापुरता धडा बहुधा घ्यायला शिकण्याचा होता, आणि तो तिला कुणी दिला नाही. मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं, पुरेसं नाही वाटलं. मीपणा सोडण्याची शिकवण कोण कुणाला देतंय हे प्रत्येक घरात पाहून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ताट ज्याच्यासमोर कधी वाढलंच गेलं नाही, त्याला नको म्हणायचा हक्कही मिळालेला नसतो.

आणखी एक प्रश्न, तोही नवख्यांचा नेहमीचा. मीपणातून सुटायची इच्छाही माझ्यासाठीच ना? मला शांती हवी, मला चांगलं माणूस व्हायचंय. मग हा स्वार्थच झाला. याला उत्तर जुनंच आहे, तल्मुदातलं: ‘लो लिश्मा’तून ‘लिश्मा’ येतं, आपल्यासाठी करता करता त्याच्यासाठी करणं येतं. 12व्या शतकातले ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिदेस लिहितात, लहान मुलाला शिकायला बसवताना आधी अक्रोड द्या, अंजीर द्या. मूल खाऊसाठी शिकतं, त्यात वाईट काही नाही, सुरुवात अशीच होते. हे वाचून मला हायसं वाटलं. मी अजून अक्रोडांवरच आहे.

सगळं पटलं असं नाही. आमच्या धाकट्या भावाला नवव्या वर्षी टायफॉइडनं नेलं. भांडी फुटली, ठिणग्या विखुरल्या, हे मी त्या खोलीला लावून पाहते आणि ते लागत नाही. तिथं मला गोष्ट नको असते. कोर्दोवेरोंच्या ‘तोमेर देवोरा’ या छोट्या ग्रंथात मात्र एक जागा आहे, तिथं मी थांबते. माणूस ज्या हातानं पाप करतो, त्या हाताला त्याच क्षणी बळ कोण पुरवतं? तोच. अपमान सोसत पुरवत राहतो, हात आखडत नाही. माणसानं त्याच्यासारखं व्हायचं ते इथून. मी परत केलेलं पातेलं घेऊनही आजी पुढच्या शुक्रवारी मासळी घेऊन आल्याच होत्या.

त्या दुसऱ्या शुक्रवारी मी पातेलं घासलं, पुसलं आणि रिकामं नेऊन दिलं. हात अक्षरशः जड झाले होते. वाटेतल्या पाच पावलांत दोनदा मागे फिरावंसं वाटलं; आत ताईच्या डब्यात खजूर होते, निदान दोन तरी ठेवावेत. नाही ठेवले. दारात उभी राहून एवढंच म्हटलं, ताईनं घोकून घेतलेल्या हिब्रूत, की मासळी फार छान होती, मी दोनदा वाढून घेतली आणि रश्शाला पाव कमी पडला. आजींनी पातेल्यात पाहिलं. मग त्यांनी माझा गाल असा काही धरला की मी सहा वर्षांची झाले.

निघायच्या दिवशी त्यांनी काचेची बरणी दिली. मिठात मुरवलेली लिंबं, अख्खी, चार चिरा दिलेली, ना तेल ना मिरची. मी ती दोन साड्यांत गुंडाळून ठाण्याला आणली. वरणात एक फोड घातली तरी सगळं घर जागं होतं. अजून तीन लिंबं आहेत. ताईचा परवा फोन आला होता, आजी विचारत होत्या, बरणी संपली का.

‘‘नाही म्हणावं,’’ मी म्हटलं, ‘‘आणि संपली की मी मागेन.’’